कायापालटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी

मागच्या अंकात मी अर्बन फँटसीबद्दल लिहिलं होतं. आजच्या शहरात, लोकल, भाडं, ऑफिस आणि शेजारपाजार यांच्या मधोमध घडणाऱ्या जादूच्या कथा, असा हा प्रकार. त्यावर जी पत्रं आली त्यांतली बहुतेक एकाच जागी अडलेली आहेत. चारचौघींसारखी बाई एका रात्रीत माणूस राहिली नाही, आता पुढे काय? निवडक पत्रांना उत्तरं देते. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात बाकीच्यांचीही सोय होईल.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पहिलीच कादंबरी लिहिते आहे. नायिका वृंदा, वय सत्तावीस, गिरगावातल्या चाळीत आईबरोबर राहते, फोर्टमधल्या बँकेत कॅश काउंटरवर असते. शेजारच्या चाळीच्या पुनर्विकासाचं खोदकाम चालू असताना जुनी बुजवलेली विहीर उघडी पडते. वृंदा तिच्यात पडते आणि साती आसरा या पाण्यातल्या देवतांपैकी एक होऊन वर येते. तीन प्रकरणं झरझर लिहून झाली, सोबत पाठवते आहे. चौथ्यात ती काय करते, तेच सुचत नाही. तिच्यामागे एक मांत्रिक लावून पाहिला, पण तो मलाच खोटा वाटतो.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : मांत्रिकाला आजच काढून टाका. तुम्हाला तो खोटा वाटतो याचा अर्थ तुमचा कान चांगला आहे. चौथ्या प्रकरणात वृंदा कामावर जाते.

मी मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत परिचारिका होते. माणसाचं शरीर आणि गावाचं घड्याळ यांची फारकत झाली की काय होतं, ते मला नाइट ड्यूटीने शिकवलं. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन दादरला यायचं, तेव्हा जिन्यावरून उतरणाऱ्या बायकांच्या वेण्या ओल्या असायच्या, डबे गरम असायचे, आणि मी त्यांच्या लोंढ्यातून उलटी वर चढत असायचे. घरी पडावं तर शेजारच्या कुकरची शिट्टी, गॅसवाला, पोस्टमन, आणि "अजून झोपलीयस?" म्हणणारी मावशी. तिच्या मनात वाईट काही नसायचं. माझी रात्र तिच्या दिवसात कुठे बसतच नव्हती, एवढंच. तुमच्या वृंदाचं दुःख मला इथे दिसतं. आसरा झाल्याचं दुःख आहेच, पण आसरा होऊनही सव्वादहाला बँकेत हजर राहायचंय, हे त्याहून मोठं आहे.

आता शरीराकडे या. पाण्यात फार वेळ राहिलं की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. पाणी शिरून कातडी फुगते, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे. मज्जातंतूंच्या हुकमाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आतलं मांस किंचित बसतं आणि वरच्या कातडीला घड्या पडतात. हाताचा मज्जातंतू तुटलेल्या रुग्णाची ती बोटं तासभर पाण्यात ठेवली तरी गुळगुळीत राहतात. म्हणजे सुरकुती हे शरीराने दिलेलं उत्तर आहे. वृंदाचं शरीर आता स्वतःला कायम पाण्यातच समजतं, असं धरा. तिच्या दहाही बोटांवर चोवीस तास सुरकुत्या. बँकेच्या दाराशी हजेरीचं यंत्र आहे, त्यावर ती अंगठा ठेवते, लाल दिवा. पुन्हा ठेवते, लाल दिवा. मागे रांग. रुमालाने अंगठा पुसते, पावडर लावते, शिपाई म्हणतो, "मॅडम, डावा लावून बघा." आधारचे ठसे जुळत नाहीत, ग्राहकांचं काम तिच्या लॉगिनवर अडतं, साहेब अर्ज लिहून मागतात. अर्जात कारण काय लिहायचं? हे एक प्रकरण झालं, आणि त्यात एकही मांत्रिक लागला नाही.

त्याच काउंटरवर तिला पहिलं सुखही द्या. कॅशियरच्या हाताशी ओल्या स्पंजची गोल डबी असते, नोटा मोजताना बोट भिजवायला. वृंदाला ती आता लागत नाही. पाचशेच्या नोटांचं बंडल तिच्या हातून असं सुटतं की शेजारचे काका मान वर करून बघतात. चार दिवसांनी त्यांच्या लक्षात येतं की हिच्या डबीतला स्पंज वाळून कडक झालाय. काका बोलत नाहीत, पण बघून ठेवतात. नायिकेचं गुपित हे असं एखाद्या वाळलेल्या स्पंजावरून फुटावं.

आता नियम. आसरा पाण्याच्या, एवढं तुम्ही ठरवलंय. मग कोणत्या पाण्याच्या, ते ठरवा. मुंबईला पाणी देणारे तलाव किती, तर सात: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. साती आसरा, सात तलाव. हे मी जुळवलेलं नाही, शहराने तुमच्यासाठी मांडून ठेवलंय. यातला विहार १८६० चा आणि मध्य वैतरणा २०१४ चा, म्हणजे सातही बहिणी एका वयाच्या नाहीत. थोरलीने घोड्यांच्या ट्रामचं शहर पाहिलंय, धाकटीने मोबाइलचं. त्यांच्यात वडीलकीवरून कुरबुर होणारच. पावसाळ्यात रोज सकाळी पेपरात तलावांच्या पातळीचा तक्ता येतो. वृंदा चहा पिताना तो तक्ता बघते, जशी आपण स्वतःची शुगर बघतो. जूनमध्ये तळ दिसायला लागला, पालिकेने पाणीकपात जाहीर केली, की तिला जिना चढताना धाप लागते. जुलैत तुळशी भरून वाहू लागला की ती रात्रभर झोपत नाही, अंगात मावत नाही एवढं बळ. तिची ताकद कधी वाढणार, कधी घटणार, हे वाचकाला आधीपासून कळलेलं असतं. प्रसंग आला की ऐनवेळी तिला नवी शक्ती फुटली, ही पळवाट आपोआप बंद होते.

गिरगावचं पाणी मलबार हिलच्या जलाशयातून येतं. तो जलाशय हँगिंग गार्डनच्या खाली आहे. वर लोक भेळ खात फिरतात, पायाखाली पाणी. वृंदाला हे माहीत असणारच. तिला तिथे नेऊन बसवा. आणि चाळीतला चावीवाला विसरू नका. पालिकेचा हा माणूस रस्त्यावरची झडप फिरवतो, तेव्हा नळाला पाणी येतं. शहरातल्या आसरेला देव, मांत्रिक, पोलिस या सगळ्यांपेक्षा त्याच्याशी जमवून घेणं जास्त गरजेचं आहे. त्याला एक चांगला प्रसंग द्याच.

भर दुपार आणि तिन्हीसांजा ही आसरांची वेळ, असं आपल्याकडे मानतात. बाराच्या उन्हात पोरांना विहिरीवर जाऊ देत नसत ते यासाठीच. बँकेत बारा वाजता काउंटरवर सर्वांत मोठी रांग असते. त्याच वेळी तिला पाणी हाक मारतं. ती उठू शकत नाही. हा ताण तुम्हाला रोज फुकट मिळतोय, वापरा.

विहिरीचाही इतिहास तुमच्या कामाचा आहे. मलेरियाचा डास मुंबईत विहिरींमध्ये वाढतो, असा डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये आला आणि त्यानंतर शहरातल्या विहिरी झाकायचं, बुजवायचं काम जोरात निघालं. लोकांनी विरोध केला. विहिरीतल्या देवतेचा कोप होईल, घरात मृत्यू होतील, ही भीती त्या विरोधात मोठी होती. पालिकेत अधिकारी असलेले रुस्तम मसानी यांनी अशा हकिकती गोळा केल्या आणि त्यांतून १९१८ मध्ये विहिरींच्या लोकसमजुतींवर एक इंग्रजी पुस्तक काढलं. एकीकडे डासांच्या अळ्या मोजणारं खातं, दुसरीकडे विहिरीतल्या बायकांची बाजू मांडणारे भाडेकरू, आणि दोघेही आपापल्या मुलांचा जीव वाचवायला बघतायत. तुमची विहीर त्याच वेळी बुजली असेल, तर आत राहिलेली आसरा शंभरावर वर्षं अंधारात होती. आता माझा प्रश्न. आसरा सातच असतात. वृंदा त्यांतली एक झाली, म्हणजे एक जागा रिकामी होती. ती कुणाची? ती बाई कुठे गेली? वृंदाला शक्ती मिळाली असं समजू नका. तिला कुणाची तरी राहिलेली जबाबदारी मिळाली आहे. तुमचं पाचवं ते दहावं प्रकरण यात आहे.

आईचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या तीन प्रकरणांत आई फक्त हाका मारते. तसं नको. गिरगावात पन्नास वर्षं राहिलेल्या बाईला विहिरीचं काहीच माहीत नसेल, हे मला पटत नाही. मी असा प्रसंग लिहीन:

वृंदाने ताटातली भाजी बाजूला सारली. तिसरा दिवस. आई काही बोलली नाही. उठून फडताळाशी गेली, सकाळचा भात काढला, त्यावर दही घातलं, मीठ घालायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. अळणी दहीभात. वाटी तिच्यापुढे ठेवताना आईने पदराने आपला हात पुसला, पुन्हा पुसला. वृंदा जेवली. सगळं जेवली, बोटं चाटली. आईने त्या बोटांकडे पाहिलं. "तुझी आजी तिथे दर अवसेला ठेवायची," ती म्हणाली. "विहीर बुजली तरी ठेवायची. भिंतीपाशी." मग तिने रिकामी वाटी उचलली, आणि जाताना एरवी कधी न केलेली गोष्ट केली. लेकीकडे पाठ न करता ती मोरीपर्यंत मागे मागे गेली.

एवढंच. नैवेद्य वाढणारी आई आणि जेवणारी लेक, यांच्यात आता कोण मोठं, हा पेच त्या मागे जाण्यात आहे. त्यावर आईला भाषण देऊ नका.

प्रश्न : माझ्या कथेतली नायिका हडळ आहे, कोथरूडला राहते, आयटीत काम करते, वळलेले पाय बुटांत लपवून रात्री बाईकवर फिरते आणि वाईट पुरुषांना धडा शिकवते. लेखनगटातल्या एका मैत्रिणीने आक्षेप घेतला, की लोकांच्या श्रद्धेशी खेळू नये. तुमचं काय मत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आसरांना लोक पूजतात आणि हडळीला भितात, तेव्हा दोघींना एकच न्याय लावता येणार नाही. आसरेवर लिहिताना शेंदूर लावलेल्या त्या सात दगडांपुढे ओटी भरणारी बाई आपली वाचक आहे, हे धरून चालावं. हडळीबाबत माझा आग्रह दुसरा आहे, आणि तो तुमच्या मैत्रिणीपेक्षा कडक आहे.

हडळ म्हणजे कोण? बाळंतपणात गेलेली बाई. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती लिहून मागवली होती. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांना विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या, तो इतिहास आपण शाळेत शिकतो. त्यांचे ते कागद पुढे एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने लावले आणि त्यांतला कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. त्यात भुतांची यादी आहे: वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, जखीण, हडळ. मास्तरांनी ती वर्गवारीने लिहिली आहे, कोण मेल्यावर काय होतं अशी. ही यादी मी वाचते तेव्हा मला ती मृत्यूच्या नोंदवहीसारखीच दिसते. मुंजा म्हणजे सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतीण.

मी लेबर रूममध्ये काम केलंय. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात आजही मातामृत्यूंचं एक मोठं कारण आहे. बाई बघता बघता पांढरी पडते, हातपाय गार होतात, पाणी मागते, बाळ कुठाय विचारते. पाय मागे वळलेले, पाठ म्हणजे नुसता सापळा, असं हडळीचं वर्णन करणाऱ्यांच्या घरात कधीतरी अशीच एक बाई गेली असणार, आणि तिच्यासाठी काही करता आलं नाही याची बोच त्यांनी भीतीत गुंडाळून ठेवली असणार. हे माझं मत आहे, पण मी त्यावर ठाम आहे.

म्हणून तुमची नायिका बाईकवर फिरू दे, धडेही शिकवू दे, पण तिचं बाळ कुठे आहे ते मला सांगा. ते तिच्या सासूकडे, पुढच्याच गल्लीत वाढत असेल तर? ते आता तीन वर्षांचं आहे, प्लेग्रुपला जातं. ती रोज रात्री त्या खिडकीखाली येते आणि वर जात नाही, कारण बाळाच्या दंडाला आजीने काहीतरी बांधलंय. आजी चुकीची आहे का? अजिबात नाही. ती तिच्या नातवाला जपते आहे. नव्या जन्माशी जुळवून घेणं म्हणजे कोथरूडच्या त्या खिडकीखाली उभं राहायला शिकणं. मग वाईट पुरुषांचं काय करायचं ते करा.

वळलेल्या पायांचा तपशील तुम्ही बूट घालून मिटवला आहे. मिटवू नका. बाईकचा गिअर ती कशी टाकते, हे लिहा. टाच आणि चवडा यांची अदलाबदल झाल्यावर शरीराचा तोल कुठे जातो, हे स्वतः घरात उलटं चालून बघा, भिंतीला धरून.

आणखी एक. बाधा झाली म्हणून बाईला मारणं, मिरचीची धुरी देणं असले प्रकार कथेत उपाय म्हणून यशस्वी होताना दाखवू नका. आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला, पण डाकीण ठरवून बाईला छळण्याच्या बातम्या त्यानंतरही येतात. तुमची कथा वाचून मिटल्यावर वाचकाने आपल्या वाडीतल्या एकट्या बाईकडे संशयाने बघायला नको. भीती लिहा, पण तिचं बोट कुणा जिवंत बाईकडे वळू देऊ नका.

प्रश्न : मी सांगलीची, लग्नानंतर कॅलिफोर्नियात आले. नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर बायकोला मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर असल्याने मला नोकरी करता येत नाही. माझी नायिकाही तशीच, आणि सॅन फ्रान्सिस्कोत तिचं मानवेतर काहीतरी होतं. पण काय व्हावं? आपल्याकडचं भूत तिथे न्यावं, की तिथलं काही घ्यावं?
– एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : तुमच्याच शहराशेजारी घडणारी एक मालिका आधी वाचा. शॉनन मॅग्वायर यांची, पहिलं पुस्तक २००९ चं, नाव 'रोझमेरी अँड रू'. नायिका ऑक्टोबर डे, सगळे टोबी म्हणतात, निम्मी माणूस आणि निम्मी परीलोकातली. १९९५ मध्ये कुणीतरी तिचा मासा करून टाकतं आणि ती चौदा वर्षं गोल्डन गेट पार्कमधल्या जपानी बागेच्या तळ्यात पोहत राहते. शाप सुटून बाहेर येते तेव्हा तिची दोन वर्षांची मुलगी सोळा वर्षांची झालेली असते. मुलगी आणि तिचा बाप हिला दारात उभं करत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ही सोडून गेलेली बाई. आणि टोबी काय करते? किराणा दुकानात रात्रपाळी धरते. पहाट झाली की तिच्यावरची माणसाच्या रूपाची जादू गळून पडते, तेव्हा उजाडायच्या आत कुठे तरी आडोसा गाठायचा, हा तिचा रोजचा हिशोब. राक्षस, खून, तपास हे पुढे येतं. मला त्या मालिकेत जे कायमचं लागलं ते म्हणजे ही दुकानातली बाई. ते तळं खरं आहे. बाग १८९४ च्या प्रदर्शनासाठी केलेली आहे, एका दुपारी जाऊन या, आणि पाण्याकडे बघत बसा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. टोबीच्या जगाचे कायदे लेखिकेने त्या मातीवर बसवले आहेत, म्हणून ते ठाम उभे राहतात. परीलोकात कुणी कुणाला 'थँक यू' म्हणायचं नाही, असा तिथला दंडक आहे. सांगलीच्या मुलीला हे जमेल! आईने वाढलेल्या भाकरीला आपण कधी आभार मानले? तुमची नायिका त्या जगात पहिल्या दिवशी चुकत नाही, आणि सगळे चकित होतात, की ही परकी बाई इतकी रीतीची कशी. याच्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

तेव्हा तिला तिथलंच काहीतरी होऊ द्या, पण सांगलीचं अंगवळण ठेवून. कृष्णेच्या पुरात वाढलेल्या मुलीला पाण्याची पातळी भिंतीवरच्या खुणेवरून वाचता येते, हे त्या धुक्याच्या शहरात कुणाला येत नाही. आणि व्हिसाची गोष्ट कथेतून गाळू नका. २०१५ पासून काही एच-फोरधारकांना कामाचा परवाना मिळू शकतो, पण तो नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जावर अवलंबून. म्हणजे कायद्याच्या कागदावर तिचं असणं आधीच दुसऱ्याच्या नावाला टांगलेलं आहे. तिला परीलोकात स्वतःच्या नावाने काम मिळालं, पगार मिळाला, तर? ते ती नवऱ्याला सांगेल का? तुम्ही हे पत्र लिहिलंत, त्या अर्थी उत्तर तुमच्याकडे आहे. लिहून मला पाठवा.

प्रश्न : नायिका व्हॅम्पायरच्या प्रेमात पडली तर चालेल का? सगळे म्हणतात घिसंपिटं आहे.
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : पडू दे. फक्त तिला स्वतःला आधी नीट जगायला लाव. खाणं, झोप, पैसे आणि एक मैत्रीण या चार गोष्टी तिच्या तिने मिळवल्या, की मग तो आला तरी तिला गिळणार नाही. आणि तो तीनशे वर्षांचा असेल तर त्याला नागपूरचं तीनशे वर्षांपूर्वीचं काहीतरी आठवलं पाहिजे. गोंड राजांच्या वेळचं गाव होतं ते, थोडा अभ्यास कर.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. सारखी असलीच इंग्रजी पुस्तकं वाचते, मुलगी लांडगा होते, मुलगी चेटकीण होते. परवा म्हणाली, "आई, मला पण माझं अंग माझं वाटत नाही." मी घाबरले. पुस्तकं बंद करू का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : बंद करू नका. ती तुमच्याशी बोलली आहे, आणि जे बोलली ते बोलायला शब्द तिला त्या पुस्तकांनी दिलेत.

वयात येताना उंची, छाती, पाळी, पुरळ, आवाज, घामाचा वास, सगळं एकदम बदलतं, आणि कुणी विचारून बदलत नाही. आपण मोठ्या बायका हे विसरून जातो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आया मुलींना घेऊन यायच्या, पाळी वेळेवर येत नाही म्हणून, आणि मुलगी भिंतीकडे बघत बसायची. तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" तर आईच उत्तर द्यायची. लांडगा झालेल्या मुलीच्या गोष्टीत कुणीतरी त्या मुलीलाच विचारतं.

कॅरी वॉन यांची एक नायिका आहे, किटी नॉर्व्हिल, पहिलं पुस्तक २००५ चं. ती डेन्व्हरमध्ये रेडिओवर रात्रीचा कार्यक्रम करते आणि तिची मर्जी नसताना लांडगा झालेली आहे. हळूहळू तिच्या कार्यक्रमात तसलेच लोक फोन करायला लागतात: मी असा झालोय, बायकोला सांगू का? मला भूक लागते तेव्हा काय करू? ती त्यांना उत्तरं देता देता स्वतःला सावरते, आणि एका रात्री चालू कार्यक्रमात आपण कोण आहोत ते सांगून टाकते. त्या पुस्तकात कळपाचा म्होरक्या तिच्यावर हक्क गाजवतो, शरीराचाही, आणि त्याला नाही म्हणायला शिकणं हा कथेचा गाभा आहे. पंधराव्या वर्षी तो भाग जड जाईल, म्हणून आधी तुम्ही वाचा आणि मग ठरवा. वाचायला दिलंत तर नंतर दोघी बसून बोला. कुणी मोठ्याने आपल्या अंगावर हक्क सांगितला तर काय करायचं, हे बोलायला आई-लेकींना निमित्त सापडत नाही. ते इथे मिळेल.

बाकी लक्ष द्यायच्या गोष्टी पुस्तकांच्या बाहेर आहेत. जेवण टाळते का? आरशापुढे जायचं टाळते, की तासन्‌तास तिथेच असते? दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास आहे, झोप बिघडली आहे, अभ्यासातून आणि मैत्रिणींतूनही मन उडालंय, हातावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा आहेत, "मी नसते तर बरं" असं काही बोलली आहे? यांतलं एकही दिसलं तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या, आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवा, तो चोवीस तास चालतो. असं काही नसेल, तर तिला आज रात्री एवढंच विचारा, की त्या पुस्तकातली मुलगी पहिल्यांदा बदलली तेव्हा तिच्या घरी कुणाला सगळ्यांत आधी कळलं. आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या, मध्ये काही बोलू नका.